शीर्षकपानाच्या तळाशी बघा: जॉर्जियन इंग्लंडमधल्या पुस्तकव्यवहारातल्या बायका

प्रश्न असा आला आहे: जेन ऑस्टिनच्या १८११ सालच्या पहिल्या कादंबरीवर तिचं नाव नाही, ‘एका स्त्रीने लिहिलेली’ एवढंच छापलं आहे. म्हणजे जॉर्जियन काळात बायकांना पुस्तकं लिहायला मज्जाव होता का? आणि लिहिणं, छापणं, विकणं या सगळ्या व्यवहारात त्या होत्या तरी कितपत? विचारणारी एम.ए.चा प्रबंध लिहिते आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकांत या बायका शोधायच्या कशा, हेही तिला हवं आहे. जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या नोंदी करणं हा माझा पेशा. तेव्हा जरा ऐसपैस उत्तर देते.

मज्जाव नव्हता. १७१४ ते १८३० या चार जॉर्ज राजांच्या काळात कुठल्याही बाईला कादंबरी, कविता, इतिहास, पाककृती, व्याकरण, काहीही लिहून छापायला कायद्याने आडकाठी नव्हती, आणि बायकांनी हे सगळं छापलंही. घोडं अडत होतं ते करारावर सही करताना आणि पैसे हातात घेताना. लेखणी कोणाच्या हातात होती यापेक्षा हक्क कोणाकडे होता आणि तोटा झाला तर कोणाच्या खिशातून जाणार होता, हे विचारलं की त्या काळचं चित्र स्पष्ट दिसतं.

आधी निनावीपणाचं बघू, कारण सगळ्यांची गाडी तिथेच अडकते. १७५० ते १७९० या काळात इंग्रजीत निघालेल्या नव्या कादंबऱ्यांपैकी पाचातल्या चारांवर लेखकाचं नाव नव्हतं. यात पुरुषांच्या कादंबऱ्याही आल्या. कादंबरी हा प्रकारच जरा हलका मानला जायचा आणि नाव न घालणं ही बाजाराची रीत होती. वॉल्टर स्कॉट कवी म्हणून आधीच गाजला होता, तरी १८१४ साली त्याने पहिली कादंबरी निनावी काढली आणि पुढे कितीतरी वर्षं तसंच चालवलं. तेव्हा ऑस्टिनने नाव घातलं नाही यात तिच्या स्त्रीपणाचा भाग होता, पण सगळा नव्हे. उलट ‘एका स्त्रीने लिहिलेली’ या शब्दांना बाजारात किंमत होती. फिरत्या, म्हणजे वर्गणी घेऊन पुस्तकं घरी नेऊ देणाऱ्या, वाचनालयांच्या वर्गणीदारांना अशी पुस्तकं आवडत, म्हणून प्रकाशक ते शब्द मुद्दाम घालत. त्यामुळे अशा प्रत्येक पुस्तकामागे दडपलेली बाई बघायची सवय आधी सोडायला हवी.

दडून लिहिण्याचं खरं उदाहरण हवं असेल तर फ्रान्सिस बर्नीचं घ्यावं. १७७८ साली तिची ‘इव्हलिना’ निघाली तेव्हा ती २५ वर्षांची होती आणि वडिलांना पत्ता नव्हता. वडील संगीताचा इतिहास लिहीत होते आणि त्यांच्या मजकुराच्या छपाईसाठीच्या प्रती तीच करत असे. आपलं अक्षर छापखान्यात कोणीतरी ओळखेल या भीतीने तिने तीन भागांची अख्खी कादंबरी वळण बदलून पुन्हा उतरवून काढली. धाकटा भाऊ चार्ल्स वेष पालटून हस्तलिखित घेऊन टॉमस लाउंड्स या प्रकाशकाकडे गेला आणि पत्रव्यवहार ‘मिस्टर किंग’ या खोट्या नावाने एका कॉफी हाउसच्या पत्त्यावर चालला. लाउंड्सने संपूर्ण हक्कांचे २० गिनी दिले. गिनी म्हणजे २१ शिलिंग, पौंडाहून एक शिलिंग जास्त. पुढच्या वर्ष-दीड वर्षात चार आवृत्त्या निघाल्या, त्यातला छदाम बर्नीला मिळाला नाही. (हाच चार्ल्स पुढे केंब्रिजच्या ग्रंथालयातली पुस्तकं चोरल्याबद्दल हाकलला गेला. नंतर त्याने जमवलेल्या जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमने विकत घेतला आणि आज १८ व्या शतकाचा अभ्यास करणारा प्रत्येक जण त्यावर जगतो. ग्रंथपालांनी अशा माणसाबद्दल काय बोलावं!)

आता शीर्षकपानाच्या तळाकडे वळू. वर शीर्षक, मध्ये लेखकाचं नाव किंवा ते नसणं, आणि अगदी खाली बारीक टाइपात एक ओळ: लंडन, अमुकसाठी छापलं, तमुककडे विक्रीस, साल. बहुतेक वाचक ती ओळ वाचतच नाहीत. बायका तिथे खच्चून भरलेल्या आहेत, पण पहिल्या नावाचं एकच अक्षर असल्याने कळत नाही. ‘एम. कूपर’ म्हणजे मेरी. ‘ए. डॉड’ म्हणजे ॲन. ‘ई. न्यूबेरी’ म्हणजे एलिझाबेथ. ‘एच. हम्फ्री’ म्हणजे हॅना. ‘टी. सोल’ म्हणजे टेसी. आद्याक्षर दिसलं की तो बाप्या, असं धरून चालण्याची खोड जुन्या नोंदी करणाऱ्यांनाही होती.

मेरी कूपरचा नवरा टॉमस १७४३ मध्ये वारला आणि पेटरनॉस्टर रो या लंडनच्या पुस्तकगल्लीतलं दुकान तिने पुढे १७६१ पर्यंत चालवलं. त्या काळातली तिचं नाव असलेली पुस्तकं आणि पत्रकं इतकी आहेत की मोजताना दमायला होतं. थॉमस ग्रेची प्रसिद्ध विलापिका १७५१ मध्ये निघाली तेव्हा ती डॉड्स्ली या प्रकाशकासाठी छापलेली आणि ‘एम. कूपरकडे विक्रीस’ होती. १७४४ साली तिने बालगीतांचं एक चिमुकलं पुस्तक काढलं. आपल्याकडच्या इंग्रजी माध्यमाच्या प्रत्येक बालवाडीत घोकलं जाणारं ‘बा बा ब्लॅक शीप’ छापील स्वरूपात सापडतं त्यातलं हे सगळ्यात जुनं ठिकाण. पण इथे सावध राहायला हवं. कूपरबाईंचं नाव असलेल्या सगळ्या पुस्तकांचे हक्क तिच्याकडे नव्हते. ज्या प्रकाशकाला किंवा लेखकाला पुढे यायचं नसे, तो तिच्यासारख्या दुकानदाराचं नाव लावायचा. वितरणही व्हायचं आणि सरकारी माणूस दारात आला तर तो आधी तिच्या दारात यायचा. ॲन डॉड आणि एलिझाबेथ नट या दोघी पत्रकं आणि वर्तमानपत्रं विकणाऱ्या. सरकारवर टीका करणारा मजकूर विकल्याबद्दल त्यांना अटकाही झाल्या. अलेक्झांडर पोपने १७२८ साली ‘डन्सियड’ हे टवाळखोर महाकाव्य निनावी काढलं तेव्हा खाली ‘ए. डॉड’ असं छापलं. लिहिणारा कवी आडोशाला आणि नाव दुकानदारीणबाईचं. लेखक निनावी राहू शकायचा, विकणारीला ती चैन नव्हती.

या बायका धंद्यात आल्या कशा? बहुतेक वैधव्याच्या वाटेने. लंडनमधल्या छापणाऱ्या-विकणाऱ्यांचा संघ म्हणजे स्टेशनर्स कंपनी. तिच्या सभासदाची विधवा दुकान चालवू शकत असे, शिकाऊ उमेदवार ठेवू शकत असे. सभासदांच्या मुलींनाही वडिलांच्या हक्काने आत येता येई. टेसी सोल अशीच आली. क्वेकर या ख्रिस्ती पंथाची पुस्तकं छापणाऱ्या बापाचा छापखाना तिने १६९१ मध्ये हाती घेतला आणि १७४९ मध्ये मरेपर्यंत सोडला नाही. ती नुसती मालकीण नव्हती, खिळे स्वतः जुळवायची आणि चांगली जुळवते असा तिचा लौकिक होता. १७०६ मध्ये तिचं लग्न झालं आणि गंमत बघा, त्यानंतर पुस्तकांवर ‘जे. सोल’ असं नाव येऊ लागलं. ही तिची विधवा आई जेन. काम मुलीचं, नाव आईचं.

हे का, ते समजायला विवाहित स्त्रीबद्दलचा इंग्लिश कायदा माहीत हवा. लग्न झालं की बायकोचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विलीन. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नाही, तिची कमाई नवऱ्याची, तिचं कर्जही नवऱ्याचं. लंडन शहरापुरती एक जुनी रूढी होती: विवाहित स्त्री नवऱ्याच्या धंद्यापेक्षा वेगळा धंदा करत असेल तर त्या धंद्यापुरतं तिला एकटं समजत. पण ती शहराच्या हद्दीपुरती. बाकी ठिकाणी अविवाहित आणि विधवा या दोघीच खऱ्या अर्थाने स्वतंत्र व्यवहार करू शकत. म्हणून तळाच्या ओळीत विधवांची नावं जास्त दिसतात. त्यांचे नवरे जिवंत असतानाही त्या दुकानात होत्याच, फक्त कागदावर नव्हत्या. नवरा गेला म्हणून त्या एका दिवसात धंदा शिकल्या, असं थोडंच असतं?

लंडनबाहेरचा एक मासला सांगते. लॉरेन्स स्टर्नच्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’चे पहिले दोन भाग डिसेंबर १७५९ मध्ये यॉर्क शहरात छापले गेले. लंडनच्या प्रकाशकाने मागितलेली रक्कम दिली नाही, म्हणून स्टर्नने स्वखर्चाने छापून घेतले. शीर्षकपानावर लेखक नाही, गाव नाही, मुद्रक नाही, नुसतं १७६० हे पुढचं साल. छापणारी होती ॲन वॉर्ड, त्याच वर्षी विधवा झालेली, ‘यॉर्क कुरंट’ हे वर्तमानपत्र चालवणारी. अभ्यासकांनी धागेदोरे जुळवून हे सिद्ध करेपर्यंत दोनशेच्या वर वर्षं गेली. त्या पुस्तकात काळं पान आहे, तारका आणि लांबलचक आडव्या रेघा आहेत, स्वल्पविरामांचे खेळ आहेत. स्टर्नच्या प्रतिभेवर ग्रंथच्या ग्रंथ निघाले. ते सगळं खिळ्यांत बसवून दाखवणाऱ्या छापखान्याच्या मालकिणीला मात्र तळटीप मिळाली तरी खूप.

विधवा नसलेलीही एक सांगायला हवी. हॅना हम्फ्री अविवाहित होती आणि लंडनमध्ये व्यंगचित्रांचं दुकान चालवायची. जेम्स गिलरे हा त्या काळचा सगळ्यात जहरी व्यंगचित्रकार. १७९१ पासून तो जवळजवळ तिच्यासाठीच काम करत होता आणि दुकानाच्या वरच राहत होता. नेपोलियनला बुटका करून जगाच्या डोक्यात बसवणारी चित्रं या दुकानाच्या खिडकीत लागत आणि बाहेर गर्दी लोटे. शेवटी गिलरेला वेड लागलं तेव्हा त्याचा सांभाळही तिनेच केला. तसंच होबर्नमधल्या मार्था गर्नीचं. गुलामांच्या कष्टाची वेस्ट इंडीजची साखर खाऊ नका, असं सांगणारं विल्यम फॉक्सचं पत्रक १७९१ मध्ये निघालं, ते तिच्या दुकानातून. वर्षभरात त्याच्या वीसहून अधिक आवृत्त्या झाल्या.

आणि ज्यांचं आद्याक्षरही कुठे नाही अशा बायका तर प्रत्येक पुस्तकात आहेत. कागदगिरणीत चिंध्या निवडणं, कापणं आणि तयार ताव तपासणं बायकांकडे. छापलेले फर्मे घडी घालून, पानं क्रमाने लावून शिवणं हेही बायकांकडे. चित्रांत हाताने रंग भरण्याचं काम बहुधा बायका आणि मुलांकडे. त्या काळचं पुस्तक हातात घेतलं तर काही पानांच्या तळाशी बी, सी, डी अशी एकेक अक्षरं दिसतात. ती घडी घालणारीसाठी असत. मोठ्या तावाची एकेक बाजू आठ पानांची, तीनदा मोडून घडी घालायची, अक्षरं बघत क्रम लावायचा, मग चौकटीवर ताणलेल्या दोऱ्यांना शिवायचं. शिलाई झाली की कातड्याची बांधणी आणि सोनेरी नक्षी पुरुष कारागिराकडे. जुन्या बांधणीचं कौतुक करताना आपण ती नक्षीच बघतो. दोनशे वर्षांनी पुस्तक अजून सुटलेलं नाही ते मात्र शिलाईमुळे.

आता पैशाकडे येते. एखादीला लिहिलेलं छापायचं असेल तर मुख्य वाटा तीन. पहिली, हक्क एकरकमी विकून मोकळं व्हायचं. दुसरी, छपाईचा धोका स्वतः घ्यायचा: कागद, छपाई, जाहिरात सगळं लेखिकेच्या नावे, प्रकाशक विक्रीवर कमिशन घेणार, उरलं तर तिचं, बुडलं तर तिचं. तिसरी, आगाऊ वर्गणी गोळा करून छापायचं आणि वर्गणीदारांची यादी पुस्तकात द्यायची. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकांत आश्रयदात्यांच्या याद्या ज्यांनी बघितल्या आहेत, त्यांना ही तिसरी पद्धत ओळखीची वाटेल.

ऑस्टिनने यातल्या पहिल्या दोन्ही करून बघितल्या आणि तिच्या हिशेबाइतकं शिकवणारं दुसरं काही नाही. १८०३ साली तिने ‘सूझन’ नावाची कादंबरी क्रॉस्बी या प्रकाशकाला १० पौंडांना विकली. त्याने ती छापलीच नाही. सहा वर्षांनी तिने खोट्या नावाने खरमरीत पत्र लिहिलं, तर उत्तर आलं की १० पौंड परत द्या आणि हस्तलिखित घेऊन जा. ते तिला १८१६ मध्ये जमलं, आणि पुस्तक निघालं ते ‘नॉर्थँगर ॲबी’ म्हणून, ती गेल्यानंतर. १८११ ची ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ तिने स्वतःच्या जोखमीवर काढली आणि १४० पौंड कमावले. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे हक्क मात्र एगर्टन या प्रकाशकाला ११० पौंडांना दिले. तिला १५० हवे होते. त्याच वर्षी, १८१३ मध्ये, दुसरी आवृत्ती निघाली. जगातल्या सर्वांत खपाऊ कादंबऱ्यांपैकी एकीचा हा भाव.

मग ती जॉन मरे या प्रकाशकाकडे गेली. ‘एमा’सह तीन कादंबऱ्यांच्या हक्कांचे त्याने ४५० पौंड देऊ केले. तिने नकार दिला आणि ‘एमा’ कमिशनवर काढली. २००० प्रती छापल्या. त्याच सुमारास ‘मॅन्सफील्ड पार्क’ची दुसरी आवृत्तीही तिच्याच जोखमीवर निघाली आणि ती पडून राहिली. पहिल्या हिशेबात ‘एमा’च्या सव्वाबाराशेच्या आसपास प्रतींवर २२१ पौंड ६ शिलिंग ४ पेन्स नफा दिसला, त्यातून ‘मॅन्सफील्ड पार्क’चा १८२ पौंड ८ शिलिंग ३ पेन्स तोटा वळता झाला, आणि तिच्या हाती पडले ३८ पौंड १८ शिलिंग १ पेनी. मरे लबाड होता असं नव्हे. धोका पत्करणं म्हणजे काय ते हे. हयातीत तिची लेखनाची एकूण कमाई साडेसहाशे पौंडांच्या आसपास भरते. बोलणी बरीचशी भाऊ हेन्री करत असे, पण ती अविवाहित असल्याने पैसा कायद्याने तिचा होता. १८१५ मध्ये हेन्री आजारी पडला तेव्हा मरेशी व्यवहार तिने स्वतः केला, आणि हा लुच्चा आहे पण सभ्य आहे, असा शेरा बहिणीच्या पत्रात मारला.

ऑस्टिन गरीब भावाने विकली गेली म्हणून सगळ्याच तशा, असं मात्र समजू नका. ॲन रॅडक्लिफला १७९४ मध्ये ‘मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’चे ५०० पौंड मिळाले, पुढच्या कादंबरीचे ८००. मारिया एजवर्थला १८१४ च्या ‘पेट्रनेज’चे २१०० मिळाले. बर्नीने ‘इव्हलिना’च्या धड्यानंतर १७९६ मध्ये ‘कॅमिला’ वर्गणीवर काढली. हजारावर वर्गणीदार होते आणि त्या यादीत स्टीव्हन्टनची एक ‘मिस जे. ऑस्टिन’ आहे. त्या कादंबरीच्या पैशांतून बर्नीने घर बांधलं. दुसऱ्या टोकाला लेडनहॉल स्ट्रीटवरच्या मिनर्व्हा प्रेसच्या लेखिका, ज्यांना एका कादंबरीचे दहा-वीस पौंड मिळत. कमावणाऱ्या थोड्या आणि खपणाऱ्या पुष्कळ, हे तर आजही तसंच आहे.

विवाहितेचं काय व्हायचं ते शार्लट स्मिथकडे बघावं. उधळ्या नवऱ्याच्या कर्जापायी तिलाही त्याच्याबरोबर किंग्ज बेंचच्या तुरुंगात राहावं लागलं. १७८४ चा सुनीतांचा संग्रह त्या दिवसांतला, आणि त्याच्या यशाने घर तरलं. पुढे तिने नवरा सोडला आणि एकामागून एक कादंबऱ्या लिहून पोरांचं लटांबर पोसलं. सासऱ्याने नातवंडांसाठी ठेवलेला पैसा मृत्युपत्राच्या गोंधळामुळे कोर्टात अडकला होता. तो सुटला १८१३ मध्ये, ती १८०६ मध्येच गेली. वेगळी राहत असली तरी तिची कमाई कायद्याने नवऱ्याचीच. तो केव्हाही येऊन हक्क सांगू शकत होता. तिच्या प्रस्तावनांत वकिलांवर जी आग पाखडलेली दिसते, ती तेव्हाच्या समीक्षकांना अशोभनीय वाटली. मला त्या प्रस्तावना कादंबऱ्यांहून सरस वाटतात.

वर्गणीच्या पद्धतीत मदतीबरोबर मिंधेपणाही यायचा. ॲन यर्स्ली ही ब्रिस्टलजवळची दूधवाली. हॅना मोर या प्रतिष्ठित लेखिकेने तिच्या कविता १७८५ मध्ये वर्गणीवर छापून आणल्या. हजारावर नावं मिळाली, चांगली रक्कम उभी राहिली. मोरबाईंनी ती गुंतवली आणि विश्वस्त नेमले: आपण स्वतः आणि एलिझाबेथ माँटेग्यू. यर्स्लीने हिशेब आणि दस्तऐवजाची प्रत मागितली. तिच्या हातात पैसा पडला तर नवरा उडवेल, पोरांचं नुकसान होईल, असा मोरबाईंचा युक्तिवाद. कायदा बघता तो अगदीच पोकळ नव्हता. पण यर्स्लीचं म्हणणं सरळ होतं: आई मी आहे, पुस्तक माझं आहे. कडाक्याचं भांडण झालं. पुढच्या एका आवृत्तीत यर्स्लीने आपली बाजू वर्गणीदारांनाच उद्देशून छापली आणि १७९३ मध्ये ब्रिस्टलच्या हॉटवेल्समध्ये स्वतःचं फिरतं वाचनालय काढलं. बायकांनी बायकांना मदत केली अशा गोड कहाण्या लिहिणाऱ्यांनी हे प्रकरण आधी वाचावं. दोघींच्या मधला सामाजिक वर्गाचा फरक कुठेच जात नाही.

पैसा मात्र नुसता कवितेत आणि कादंबरीत नव्हता, तो स्वयंपाकघरातही होता. हॅना ग्लासचं ‘आर्ट ऑफ कुकरी’ १७४७ मध्ये वर्गणीवर निघालं, त्यावरही ‘एका स्त्रीने लिहिलेलं’ एवढंच, आणि ते एका चिनीमातीच्या भांड्यांच्या दुकानातही विकायला होतं. त्यात ‘भारतीय पद्धतीची करी’ आहे, इंग्रजीत छापलेली पहिली. धने आणि मिरी घातलेला कोंबडीचा किंवा सशाचा रस्सा. आपल्या कुठल्याही घरात तो आजाऱ्याचं पथ्य म्हणून खपेल. १७५४ मध्ये ग्लासबाईंचं दिवाळं वाजलं आणि हक्क विकावे लागले. पुस्तक पुढे शंभर वर्षं खपत राहिलं, दुसऱ्यांच्या फायद्यासाठी. वर १७७८ साली, म्हणजे ‘इव्हलिना’ निघाली त्याच वर्षी, एका मेजवानीत डिली या पुस्तकविक्रेत्याने सांगितलं की हे पुस्तक खरं जॉन हिल नावाच्या डॉक्टरने लिहिलंय. कोशकार डॉ. जॉन्सनला ते पटलं नाही, पण बायका सूत छान कातत असतील, पाककृतीचं चांगलं पुस्तक लिहिणं त्यांना जमत नाही, असं ठणकावून तो मोकळा झाला. लेखिका हॅना ग्लासच, हे कागदपत्रांनिशी पक्कं झालं ते विसाव्या शतकात.

एलिझाबेथ रॅफल्ड अधिक धोरणी. मँचेस्टरमध्ये तिचं खाद्यपदार्थांचं दुकान होतं आणि नोकरचाकर मिळवून देण्याचं कामही ती करायची. १७६९ मध्ये आठशेवर वर्गणीदार मिळवून तिने पाककृतींचं पुस्तक काढलं आणि चोरट्या आवृत्त्यांना आळा म्हणून प्रत्येक प्रतीत मजकुराच्या पहिल्या पानाच्या माथ्यावर शाईने सही केली. अशी प्रत समोर आली की तिची ती घाईतली ठसठशीत सही बघत मी जरा रेंगाळते. १७७३ मध्ये हक्क विकले, १४०० पौंडांना. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे ११० आठवा.

तिसरी मारिया रंडेल. तिने मरे कुटुंबाच्या स्नेहापोटी मोबदला न मागता पाककृतींचं हस्तलिखित दिलं. पुस्तक असं तुफान चाललं की १८१२ मध्ये मरेने ५० अल्बमार्ल स्ट्रीट ही वास्तू घेतली तेव्हा तारण ठेवलेल्या हक्कांत या पुस्तकाचाही हक्क होता. ज्या घरातून कवी बायरन आणि ऑस्टिन यांची पुस्तकं निघाली, त्याच्या पायात रंडेलबाईंचे मुरांबे आहेत. पुढे तिने कोर्ट गाठलं आणि दोन हजार पौंडांच्या घरात तडजोड झाली. फुकट दिलेल्या वहीसाठी भांडायला वयाच्या सत्तरीत उभी राहिली, हे मला त्या तडजोडीपेक्षा मोठं वाटतं.

नाव असून भागत नसे, असंही एक पुस्तक आहे. फिलिस व्हीटली ही बॉस्टनमधली गुलाम तरुणी. तिथे वर्गणी जमली नाही, म्हणून तिच्या कविता १७७३ मध्ये लंडनला छापल्या. नाव ठळक, समोर तिचं चित्र, आणि तरीही सुरुवातीला बॉस्टनच्या १८ प्रतिष्ठित पुरुषांचं प्रमाणपत्र: या कविता हिनेच लिहिल्या आहेत असा आमचा विश्वास आहे. लेखिका निनावी असण्यापेक्षा हे जास्त बोचतं.

लेखनावर नोकरीसारखं जगणारी बाई हवी असेल तर मेरी वुलस्टनक्राफ्ट. १७८७ मध्ये ती लंडनला आली आणि सेंट पॉल्स चर्चयार्डमधल्या जोसेफ जॉन्सन या प्रकाशकासाठी अनुवाद आणि ‘ॲनॅलिटिकल रिव्ह्यू’साठी परीक्षणं लिहू लागली. १७९२ चं स्त्रीहक्कांवरचं पुस्तक सगळ्यांना माहीत असतं. त्याआधीची चार-पाच वर्षांची निनावी पाटी टाकण्याची मेहनत कोणी वाचत नाही, आणि प्रबंधासाठी खरं घबाड तिथेच आहे.

आपल्या मुलखाशी जोडणारा धागाही आहे. मारिया ग्रॅहम १८०९ मध्ये मुंबईला आली, घारापुरी आणि कार्ल्याची लेणी पाहून पुण्यापर्यंत गेली, आणि १८१२ मध्ये तिचं हिंदुस्थानातलं रोजनिशीवजा पुस्तक एडिंबरोहून निघालं. शीर्षकपानावर पूर्ण नाव, आतली चित्रंही तिचीच. प्रवासवर्णनात नाव लपवून चालत नसे, कारण मी स्वतः पाहिलं हेच त्या मालाचं भांडवल. महाराष्ट्रात बसून हा विषय करायचा तर मी याच पुस्तकापासून सुरुवात करेन.

आता शोधायचं कसं. संगणकातल्या सूचीत ‘लेखक’ या रकान्यात बायका शोधू नका, ‘प्रकाशक’ आणि ‘मुद्रक’ या रकान्यांत आद्याक्षरं शोधा. एखाद्या दुकानाच्या पत्त्यावर एकाएकी नवऱ्याच्या नावाऐवजी वेगळं आद्याक्षर दिसायला लागलं, की त्या सालाच्या आसपास मृत्यूची नोंद बघा. ‘साठी छापलं’ आणि ‘कडे विक्रीस’ यातला फरक दर वेळी टिपून ठेवा. पहिलं बहुधा हक्कदार, दुसरं विक्रेता, आणि कूपरसारख्या नावांपुढे दोन्हींबद्दल शंका ठेवा. १७९९ नंतरची पुस्तकं सोपी जातात. राजद्रोही मजकुराच्या भीतीने सरकारने मुद्रकाचं नाव-पत्ता पहिल्या आणि शेवटच्या पानावर छापणं सक्तीचं केलं, त्यामुळे ॲन वॉर्डसारखं गायब होणं अवघड झालं. वर्गणीदारांच्या याद्या वगळू नका. त्यात बायकांची नावं किती, कोणत्या गावच्या, कोणी दोन-चार प्रती घेतल्या, हे काढलं तरी एक प्रकरण होतं.

आणि काळाची चढती कमान गृहीत धरू नका. १८१० च्या दशकात नव्या कादंबऱ्यांत बायकांचा वाटा पुरुषांपेक्षा जास्त होता. १८२० च्या दशकात स्कॉटच्या यशानंतर कादंबरीला प्रतिष्ठा आणि पैसा आला, आणि दशक संपता संपता पुरुष पुढे गेले. तुमच्या प्रबंधाचं शेवटचं साल १८३० धरणार असाल तर ही घसरण त्यात पकडा. १८१८ ला थांबलात तर ती हातातून निसटेल.